टर्नटेबलची घुरघुर: ॲम्प विकायला काढण्याआधी

ॲम्प फोनोवर, म्हणजे टर्नटेबलसाठीच्या इनपुटवर, टाकला की स्पीकरमधून 'हूंऽऽ' सुरू, आणि सीडी किंवा ब्लूटूथवर टाकला की सगळं शांत. रेकॉर्ड ऐकणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून माझ्यापर्यंत सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. घर गिरगावातल्या चाळीतलं असो, दादरच्या जुन्या बिल्डिंगमधलं असो की कांदिवलीच्या टॉवरमधलं, कहाणीत फारसा फरक नसतो. तक्रार करणारा माणूस तोवर खरेदीच्या विचारापर्यंत पोहोचलेला असतो. कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, बदलू का? महागातली केबल घेऊ का? हा ॲम्प या टर्नटेबलला चालतच नाही का? जरा थांबा. या दुखण्यात खर्च करावाच लागतो असं नाही, आणि लागला तर तो बहुधा एखाद्या वायरीचा किंवा वायरमनच्या फेरीचा असतो.

हे फोनोवरच का होतं ते आधी बघू, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते कळेल. सीडी प्लेयरमधून २ व्होल्टपर्यंतचा सिग्नल निघतो. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम कार्ट्रिजमधून निघतात जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. एवढासा सिग्नल उचलायला फोनो स्टेज त्याला सुमारे शंभर पट मोठा करते, ४० डेसिबल. शिवाय एलपी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात आणि वाजवताना ते परत उचलावे लागतात. १९५४ मध्ये ठरलेलं आरआयएए प्रमाण ते हेच. या प्रमाणानुसार ५० हर्ट्झला मिळणारी उचल १००० हर्ट्झच्या तुलनेत सात पटींच्या घरात जाते. आणि आपल्या घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची! म्हणजे वायरीत शिरलेला विजेचा कचरा बरोबर तिथेच येऊन बसतो जिथे सर्किट जास्त जोर लावतं. टर्नटेबल बिचारा फक्त चुगली करतो.

आधी आवाज ओळखा

आवाज कसा आहे हे नीट ऐकलंत तर निम्मं काम झालं.

गुळगुळीत, खोल, एका सुरातली 'हूं' असेल तर ती ५० हर्ट्झची. इथे संशय अर्थ, वायर किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर घ्यायचा.

खरखरीत 'झ्झ्झ', माशी डबीत कोंडल्यासारखी भणभण असेल तर तो १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरचा मामला आहे. फॅनचा रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, चार्जर किंवा ॲम्पमधला पॉवर सप्लाय यांपैकी कुणीतरी त्यामागे असतं.

व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी आवाज तेवढाच राहतो? मग टर्नटेबलचा काही संबंध नाही. दोष व्हॉल्यूमच्या पुढे, ॲम्पच्या पोटात आहे. थेट शेवटच्या भागाकडे जा.

एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर वायर, आरसीए पिन (टर्नटेबलची वायर ॲम्पला जोडायची गोल पिन) किंवा कार्ट्रिजची जोडणी. सुईचा आर्म, म्हणजे दांडा, रेकॉर्डच्या मध्याकडे सरकेल तशी वाढत असेल तर मोटरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमध्ये शिरतंय. रेकॉर्डवर सुई असतानाच सुरू होऊन व्हॉल्यूमबरोबर फुगत जाणारी, शेवटी गर्जना होणारी घुरघुर असेल तर ती विजेची नव्हेच, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. आणि आवाज स्पीकरमधून न येता ॲम्पच्या डब्यातूनच येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय.

एक गोष्ट दोष समजू नका. फोनो निवडलाय पण मागे काहीच जोडलेलं नाही, अशा वेळी व्हॉल्यूम वाढवला तर जवळपास प्रत्येक ॲम्प घुरघुरतो. मोकळा इनपुट अँटेनासारखा वागतो. त्यावरून ॲम्पला नावं ठेवू नयेत.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिलं, मागचे स्विच. हल्लीच्या पुष्कळ टर्नटेबलांत फोनो स्टेज आतच असते आणि मागे 'फोनो / लाइन' असा छोटा स्विच असतो. टर्नटेबल लाइनवर आणि वायर ॲम्पच्या फोनोमध्ये असेल तर सिग्नल दोनदा फुगवला जातो. गाणं फाटतं आणि घुरघुर कानठळ्या बसवते. उलट टर्नटेबल फोनोवर आणि वायर ऑक्समध्ये, म्हणजे साध्या लाइन इनपुटमध्ये, असेल तर गाणं बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं. मग माणूस व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश फिरवतो आणि घुरघुर उचलून धरतो. ॲम्पवर एमएम / एमसी (एमसी म्हणजे मूव्हिंग कॉइल, आणखी बारीक सिग्नल देणारं कार्ट्रिज) असा स्विच असेल आणि कार्ट्रिज एमएम असताना तो एमसीवर राहिला असेल तर आवाजाबरोबर घुरघुरही दहापट होते. जुन्या रेकॉर्ड प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचा सिग्नल शेकडो मिलिव्होल्टचा असतो, त्याला फोनो इनपुट लागतच नाही.

दुसरं, हेडशेलला, म्हणजे कार्ट्रिज बसवलेल्या आर्मच्या टोकाला, बोट लावा. बोट लावल्याबरोबर घुरघुर कमी किंवा जास्त झाली तर आर्मचा धातू ॲम्पच्या अर्थपासून तुटलेला आहे हे जवळजवळ नक्की. बोटाला झिणझिण्या आल्या तर मात्र पुढचं काही करू नका, प्लग काढा आणि शेवटचा भाग वाचा.

तिसरं, ती बारीक, एकटी वायर. टर्नटेबलमधून दोन आरसीएच्या जोडीला एक सुटी वायर निघते, टोकाला चिमट्यासारखा तुकडा असतो. ती ॲम्पमागच्या 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट बसायला हवी. चोर बाजारातून किंवा कुणाच्या माळ्यावरून आलेल्या टर्नटेबलची ही वायर हमखास कापलेली असते, कारण आधीच्या मालकाला ती कशासाठी आहे हेच कळलेलं नसतं. अशा वेळी कुठलीही साधी एकेरी वायर चालते. एक टोक आर्मच्या बुडाशी असलेल्या धातूला, दुसरं त्या स्क्रूला. स्क्रूवर गंज किंवा रंग असेल तर खरवडून काढा. ॲम्पला तसा स्क्रू नसेल तर पाठीवरचा बाहेरचा कोणताही चेसिसचा, म्हणजे धातूच्या पेटीचा, स्क्रू सैल करून त्याखाली घाला.

ही वायर भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थला मात्र जोडू नका. काही वायरमन हाच 'पक्का' उपाय सुचवतात. त्याने आर्मला ॲम्पच्या अर्थशिवाय आणखी एक अर्थ मिळतो, दोघांमध्ये थोडाफार फरक असतोच, आणि त्या फरकाचा प्रवाह तुमच्या सिग्नलच्या वायरीतून फिरायला लागतो. घुरघुर वाढते. रेगा कंपनीच्या टर्नटेबलांना अशी वेगळी वायर नसतेच, त्यांचा आर्म आरसीएच्या शील्डमधूनच, म्हणजे वायरीच्या बाहेरच्या धातूच्या आवरणातूनच, अर्थ होतो. तिथे नवी वायर लावायच्या फंदात पडू नका.

चौथं, डावी-उजवी अदलाबदल. व्हॉल्यूम शून्यावर, मग ॲम्पच्या मागचे आरसीए एकमेकांच्या जागी. घुरघुर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर दोष टर्नटेबलच्या बाजूला, आहे तिथेच राहिली तर ॲम्पच्या बाजूला. हा एक मिनिटाचा प्रयोग न करता लोक केबल विकत घेतात.

पावसाळा आणि पिना

घुरघुर जूनच्या शेवटी सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत आपोआप कमी झाली, असं सांगणारे भेटले की मी आधी आरसीए पिना बघतो. समुद्राची हवा आणि पावसाळी दमटपणा यांनी स्वस्त पिनांवर हिरवट थर चढतो. बाहेरच्या कड्याचा, म्हणजे शील्डचा, संपर्क आधी जातो. शील्ड गेलं की वायर उघडी पडते. पिन नुसती चार-पाच वेळा फिरवून आत-बाहेर केली तरी फरक पडत असेल तर निदान झालं. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसा, सॉकेटच्या बाहेरचं कडंही पुसा. लॅमिंग्टन रोडवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, तोही चालतो. स्प्रे कापडावर मारा, ॲम्पच्या आत नको. कडं सैल असेल तर पक्कडीने किंचित दाबा. किंचितच.

हेडशेल सुटा होणारा असेल तर त्याच्या मागच्या चार छोट्या पिनाही याच पद्धतीने पुसा. सुईला अल्कोहोलचं कापड लावू नका.

जागा

मुंबईच्या घरात टीव्ही, ॲम्प, टर्नटेबल, राउटर आणि देवघराचा दिवा एकाच शोकेसमध्ये असतात. ॲम्पच्या डोक्यावर टर्नटेबल ही तर ठरलेली रचना. ॲम्पच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर तुम्ही कार्ट्रिजच्या अतिसूक्ष्म कॉइली ठेवल्या आहेत. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतरासोबत फार झपाट्याने घटतं, त्यामुळे फूटभर सरकवल्यानेही चित्र पालटतं. टर्नटेबल उचलून हातात धरा, शेजारी कुणाला तरी ऐकायला बसवा, आणि हळूहळू बाजूला सरका. घुरघुर विरत गेली तर जागा बदला. वेगळी फोनो स्टेज असेल तर तिलाही नुसतं नव्वद अंशांत फिरवून बघा. आरसीएच्या वायरी आणि पॉवरच्या वायरी एकत्र गुंडाळून रबर लावलेलं असेल तर ते सोडा. एकमेकींवरून जावंच लागलं तर आडव्या जाऊ द्या, समांतर नको.

आर्म मध्याकडे गेल्यावर वाढणारी घुरघुर मात्र जागेने जात नाही. काही कार्ट्रिजच्या कॉइलभोवती शील्ड नसतं, आणि मोटर प्लॅटरखाली (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीखाली) जवळच असेल तर ती जोडी जमत नाही. इथे खरंच कार्ट्रिज बदलावं लागतं. हे दुकानदाराला विकत घेण्याआधी विचारायचं असतं.

केबलवाल्याची वायर

मुंबईतली ही खास व्याधी आहे, म्हणून जरा सविस्तर. टीव्हीचा आवाज ॲम्पमधून यावा म्हणून आपण सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्ही ॲम्पला जोडतो. सेट-टॉपमध्ये येणारी केबल गच्चीवरून, शेजारच्या बिल्डिंगवरून, कुठून कुठून येते, आणि तिचं बाहेरचं जाळीचं आवरण वाटेत कुठेतरी तिथल्या अर्थला टेकलेलं असतं. तुमचा ॲम्प तुमच्या सॉकेटच्या अर्थला. दोन अर्थ, दोन वेगळ्या बिल्डिंगांचे, त्यांच्यात व्होल्टेजचा फरक. तो फरक मिटवायला जो प्रवाह वाहतो तो तुमच्या ॲम्पच्या चेसिसमधून. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. अशी घुरघुर सगळ्याच इनपुटवर थोडीथोडी असते, फोनोवर सर्वांत जास्त.

तपासायला सेट-टॉप बंद करून उपयोग नाही, कारण बंद डब्यातूनही धातूचा धातूशी संबंध तसाच राहतो. केबलचा स्क्रू मागून सोडवून वायर हातात घ्या. शांतता पसरली तर चोर सापडला. उपाय दोन. केबलवर लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर, किंवा टीव्हीपासून ॲम्पपर्यंत ऑप्टिकल केबल. माझं मत ऑप्टिकलच्या बाजूने. त्यातून प्रकाश जातो, वीज जातच नाही, त्यामुळे लूप बनायला वाव राहत नाही. डिश असेल तर आयसोलेटर तसाही चालत नाही, कारण त्याच केबलमधून सेट-टॉप बॉक्स गच्चीवरच्या डिशला वीज पुरवतो आणि आयसोलेटर ती अडवतो.

खरखरीत भणभणीसाठी हीच रीत. एकेक गोष्ट बंद करा, प्लगसकट काढा. लॅपटॉपचा चार्जर, मोबाइलचा चार्जर, माशांच्या टाकीचा पंप, सजावटीच्या माळा. फॅनचा जुना गोल फिरणारा रेग्युलेटर विजेची लाट मध्येच कापून फॅन हळू करतो, आणि त्या कापण्याचाच 'झ्झ्झ' होतो. फॅन फुल्लवर टाकल्यावर भणभण गेली तर पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या. तो कापत नाही.

सॉकेट आणि अर्थ

आता थोडा खर्च. ॲम्प, टर्नटेबल, फोनो स्टेज, सगळं एकाच सॉकेटवरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटांचे अर्थ कागदावर एक असले तरी प्रत्यक्षात त्यांच्यात फरक असू शकतो. बोर्ड घेताना अर्थची पट्टी आतून खरंच जोडलेली आहे ना, हे दुकानातच मीटरने बघून घ्या. स्वस्तातल्या काही बोर्डांना तीन भोकं असतात आणि आत तारा दोनच.

ॲम्प मुळातच दोन पिनांचा असेल, पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर तो दुहेरी इन्सुलेशनचा आहे, त्याला अर्थ लागत नाही. अशा वेळी दोन पिनांचा प्लग उलटा करून लावून बघा. फेज आणि न्यूट्रलची जागा बदलते, गळतीचा प्रवाह बदलतो, आणि कधी कधी घुरघुर तेवढ्यानेच निम्मी होते.

तीन पिनांच्या ॲम्पची मोठी पिन मात्र काढायची नाही, तिच्यावर टेपही लावायची नाही. हा 'जुगाड' सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्याने घुरघुर जातेही, म्हणूनच तो धोक्याचा. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी फाटलं तर ॲम्पची पेटी, तिथून ती बारीक वायर, तिथून टोनआर्म, सगळं २३० व्होल्टवर जातं, आणि आर्म तर तुम्ही हाताने उचलता.

जोडी जमते का?

इथवर सगळं करूनही थोडी घुरघुर उरली तर जोडीचा विचार करा. एमसी कार्ट्रिज ०.३ मिलिव्होल्टच्या आसपास देतं आणि त्याला हजार पट, म्हणजे ६० डेसिबल उचल लागते. एमएमला लागते त्याच्या दहापट. ज्या घरात भिंतीभिंतीतून वायरी आहेत आणि अर्थचा भरवसा नाही, तिथे मी एमएमच सुचवतो. स्पीकरचंही तसंच. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच सिग्नलवर किती मोठा वाजतो त्याचं माप) लहान बुकशेल्फ स्पीकर जी घुरघुर गिळून टाकतो तीच ९६ डेसिबलचा हॉर्नवाला स्पीकर दहा डेसिबल वर, कानाला साधारण दुप्पट, ऐकवतो. स्पीकर बदलल्यावर 'नवीन स्पीकरने घुरघुर आणली' असं वाटतं ते यामुळे. ती होतीच. नेहमीच्या व्हॉल्यूमला, बसायच्या जागेवरून ऐकू येत नसेल तर कान जाळीला लावून शोधू नका.

घुरघुर नव्हे, गर्जना

रेकॉर्ड ठेवा, प्लॅटर बंद, सुई खाली, व्हॉल्यूम हळूहळू वाढवा आणि शोकेसवर टिचकी मारा. टिचकी स्पीकरमधून ढोलासारखी वाजली आणि नंतर 'गूंऽऽ' वाढत गेली, तर स्पीकरचा हादरा सुईपर्यंत पोहोचून पुन्हा स्पीकरमधून येतोय. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर नकोत. चाळीतल्या लाकडी तक्तपोशीवर चालताना सुई उडते तिथे टर्नटेबल भिंतीत ठोकलेल्या फळीवर न्या. रुळांलगतच्या घरात लोकल गेली की वूफरचे पडदे आत-बाहेर नाचत असतील तर ॲम्पवरचं सबसॉनिक फिल्टरचं, म्हणजे कानाला न ऐकू येणारे अतिखालचे हादरे गाळणारं, बटण दाबा.

इथे थांबा, माणूस बोलवा

ॲम्पला किंवा आर्मला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वायरमन. लायसनवाला. त्याला सॉकेटवर फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन्ही मोजायला सांगा. पहिलं २३० च्या जवळ, दुसरं एक-दोन व्होल्ट यायला हवं. आणि सॉकेट उघडून दाखवायला सांगा, कारण अर्थ नाही म्हणून न्यूट्रलचीच तार अर्थच्या पिनला जोडून मोकळे झालेले महाभाग जुन्या घरांत सापडतात. तिथे मीटर सगळं छान दाखवतो, आणि न्यूट्रल तुटला की पेटीत करंट. बिल्डिंगचा अर्थच मेला असेल तर ते सोसायटीचं काम आहे, सेक्रेटरीला लेखी द्या. बेस्ट असो वा उपनगरातली दुसरी कंपनी, मीटरच्या पुढचं वायरिंग आपल्याकडे.

व्हॉल्यूम शून्यावरही राहणारी, महिनोन्महिने वाढत गेलेली घुरघुर, विशेषतः वीस-तीस वर्षं जुन्या ॲम्पमध्ये, म्हणजे पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर वाळलेले. ते बदलता येतात, पण झाकण तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यांत चार्ज राहतो, आणि व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये तो तीनशे-चारशे व्होल्टचा असतो. टोनआर्मच्या आतल्या केसाएवढ्या तारा तुटल्या असतील तर तेही जाणकाराचंच काम. कार्ट्रिजच्या मागचे चार रंग तेवढे तुम्ही तपासू शकता: पांढरा आणि निळा डावीकडचे, लाल आणि हिरवा उजवीकडचे. कुठला सुटलेला किंवा चुकीच्या पिनेवर दिसला तर चिमटीने लावा, पण कार्ट्रिजवर सोल्डरिंग करू नका, आतली कॉइल जळते.

दुरुस्तीला नुसता ॲम्प नेऊ नका. दुकानात तो सीडीवर शांत वाजतो आणि 'काही नाही साहेब, चांगला आहे' असं ऐकून परत येतो. टर्नटेबल, त्याची आरसीए आणि ती बारीक वायर, तिन्ही बरोबर न्या. टॅक्सीत ठेवण्याआधी प्लॅटर उचलून वेगळा गुंडाळा, आर्मचं मागचं वजन काढा, आर्म त्याच्या खुंटीला सुती दोऱ्याने बांधा आणि सुईवर टोपण घाला.